सरचूहून परत



मनाली-लेह रोडवर मी तीन सीझन लोड नेला, पण तो रोड पाहिला मात्र या जुलैत. ज्यांनी या रोडवर गाडी मारली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पहाटे इंजिन सुरू, टीसीपीवर नोंद, गाडीगाडीतलं अंतर सोडायचं नाही आणि थांबायचं ते हुकूम आल्यावरच. ड्रायव्हरला दिसतो तो पुढच्या स्टॅलियनचा टेल-लाइट आणि धूळ. सूरजताल रस्त्याच्या कुठल्या अंगाला आहे, हे मला २००३ साली कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

रिटायर झाल्यापासून मनात होतं, हिला हा रोड दाखवायचा, आणि तोही सावकाश. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. मागच्या सीटा काढून दोन बाकं, पाण्याची टाकी, गॅसची शेगडी, टपावर सोलर पॅनेल बसवलं. शहरात याला कॅम्पर व्हॅन म्हणतात. आमच्या गावात 'सुभेदाराची चालती खोली' म्हणतात. नियम एकच ठरवला: डोंगरात दिवसाला शंभर किलोमीटरच्या वर जायचं नाही आणि चारच्या आत मुक्काम करायचा.

साताऱ्याहून मनालीपर्यंतचे दहा दिवस सोडून देतो. तिथे उन्हाळा आणि टोलनाके याशिवाय काही नाही.

रोहतांगच्या चढावर आमचा अर्धा दिवस जायचा. आता अटल बोगद्याचे नऊ किलोमीटर दहा-बारा मिनिटांत संपले. आत शिरताना झाडं होती, बाहेर आलो तर समोर उघडे डोंगर. हिने विचारलं, "अहो, झाडं कुठं गेली?" म्हटलं, पावसाचे ढग त्या बाजूला अडतात, इकडे पोचतात ते रिकामे. माण-खटावला जे होतं तेच, फक्त दहा हजार फुटांवर.

तांदीला चंद्रा आणि भागा या नद्या मिळतात. तिथून पुढे नदीचं नाव चंद्रभागा. जम्मूत गेली की तिलाच चिनाब म्हणतात. आषाढी चार दिवसांवर आली होती. हिच्या माहेरी वारी आहे. नाव ऐकल्याबरोबर ही खाली उतरली, हात जोडले आणि एक बाटली पाण्याने भरून घेतली. मी म्हटलं, ही पंढरपूरची नव्हे. ती म्हणाली, "नाव तर तेच आहे ना?" जुन्या ड्रायव्हरांना इथला पंप आठवत असेल. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, अशी पाटी असायची. आमच्या वेळी त्या पाटीपाशी गप्पा बंद व्हायच्या.

जिस्पाला भागेच्या काठावर दोन रात्री काढल्या. उंची साधारण ३,२०० मीटर. ही नदीत पाय सोडून बसायची, गावातल्या बायकांशी खुणांनी बोलायची. वाटाण्याच्या शेतात तासभर मदतही करून आली आणि ओटीत शेंगा घेऊन परतली. आयुष्यात पहिल्यांदा मला या रोडवर करायला काही काम नव्हतं. तिसरी रात्र इथेच काढायची ठरली होती. पण हिला काही त्रास नव्हता, हवा साफ होती, आणि माझ्यातला कॉन्व्हॉय काही गेलेला नव्हता. म्हटलं, एक दिवस वाचवू.

जिस्पाहून सरचू ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. मध्ये बारालाचा ला, जवळजवळ ४,९०० मीटर. सूरजताल खिंडीच्या अलीकडेच आहे. तिथे अर्धा तास थांबलो. कडेला बर्फ, मधे निळं पाणी. भागा इथूनच निघते. ही म्हणाली, "तुम्ही पत्रात कधी लिहिलं नाही." खरं आहे. मी पत्रात लिहायचो ते 'इकडे सर्व क्षेम'.

सरचूचं मैदान ४,३०० मीटरच्या आसपास. पाणी साधारण ८६ अंशांनाच उकळतं, कुकरशिवाय डाळ शिजत नाही. हवेत प्राणवायू समुद्रसपाटीच्या साठ टक्के. जिस्पावरून आलेला माणूस एका दिवसात हजार मीटरपेक्षा जास्त वर चढून इथे झोपतो, म्हणून सरचू बदनाम आहे. फौजेत याचं गणित पाठ असतं: ९ हजार फुटांवर सहा दिवस, १२ हजारांवर चार, १५ हजारांवर आणखी चार.

सहाच्या सुमारास ही म्हणाली, "डोकं जरा दुखतंय."

आणि माझ्या तोंडून निघालं, "इथं सगळ्यांचंच दुखतं. चहा घे, झोप."

बोललो आणि थंडच पडलो. हे वाक्य मी या मैदानात आधी एकदा बोललो होतो, शब्दही तेच.

२००३ चा ऑगस्ट. माझ्या गाडीवर को-ड्रायव्हर होता सोलापूरकडचा पोरगा, वय वीस-एकवीस. रजेवरून येऊन चार दिवस झाले होते. मला ते माहीत होतं. रात्री सरचूला म्हणाला, "उस्ताद, डोकं फुटतंय." मी तेच उत्तर दिलं. रात्रभर तो खोकत होता. पहाटे कॉन्व्हॉय हलला, आणि सरचूहून लेहकडे रस्ता खाली जात नाही. गाटा लूप्सची एकवीस वळणं, मग नकी ला, मग लाचुलुंग ला, पाच हजार मीटरच्या वर. पांगला पोचेपर्यंत त्याचे ओठ निळे पडले होते. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? मी सांगितलं, "सर, आज सकाळपासून." रात्रीचं बोललो नाही. जाब मला विचारला असता. ऑक्सिजन लावून त्याला लेहला पाठवलं. तांगलांग लाच्या चढावर तो गेला. रात्रीचं सांगितलं असतं तर वाचला असता का, ते डॉक्टर जाणोत. मी सांगितलं नाही, एवढंच मला माहीत आहे.

हिचं बोट ऑक्सिमीटरमध्ये घातलं: ७४. गोळी दिली, आमच्याकडचा छोटा सिलिंडर लावला. दहाला उलटी झाली. जवळच्या ट्रान्झिट कॅम्पवर जाऊन हाक मारली. नर्सिंग असिस्टंट केरळचा होता. त्याने तपासलं, मोठा सिलिंडर दिला आणि म्हणाला, "साहब, सुबह का इंतज़ार मत करो, नीचे ले जाओ."

खाली जायचं तर आधी परत बारालाचा चढायचा. मधले नाले दुपारी-संध्याकाळी बर्फ वितळून फुगतात, पहाटेपर्यंत उतरतात. म्हणून तर कॉन्व्हॉय अंधारात निघतो. मी एकपर्यंत थांबणार होतो. साडेबाराला ही बाहेर जायला उठली आणि सरळ चालता येईना, पाय तिरका पडला. गाडी त्याच मिनिटाला सुरू केली.

वीसच्या स्पीडने गेलो. मागून सिलिंडरची शीळ ऐकू येत होती. ती ऐकू येतेय तोवर ठीक, असं धरून चाललो. दोन नाले उतरून, काठीने पाणी मोजून पार केले. दारच्याला उजाडलं. जिस्पाला पोचल्यावर हिने स्वतःहून विचारलं, "त्या वाटाण्याच्या शेंगा राहिल्यात का?" ऑक्सिमीटरवर ८९.

दोन दिवसांनी, तिथेच नदीकाठी, मी हिला त्या पोराचं सगळं सांगितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. तिने सगळं ऐकून घेतलं. माझी समजूत घातली नाही, रागावलीही नाही. बऱ्याच वेळाने विचारलं, "त्याची आई आहे का हो?"

म्हटलं, होती. पुढचं माहीत नाही. गावाचं नाव माहीत आहे.

लेह या खेपेला राहिलं. आज अंबाल्याच्या पुढे एका ढाब्यामागे गाडी लावून हे लिहितोय. ही आत भाकरी थापतेय. परतीचा रस्ता नाशिक-पुण्यावरून ठरला होता, तो आता सोलापूरवरून केलाय. तिथे त्या दारात उभं राहून पहिलं वाक्य काय बोलायचं, ते अजून सुचलेलं नाही. तांदीची बाटली हिने फडक्यात गुंडाळून सीटखाली ठेवली आहे.