पोराची पहिली मोटारसायकल

घरातला मुलगा अठरा वर्षांचा झाला, की मोटारसायकलीचा विषय निघतोच. आमच्या इस्लापूरकडे ती आता चैन राहिलेली नाही. रेल्वे आहे, एसटी आहे. पण शेतावर फवारणीचे औषध न्यायचे, किनवटला काम निघाले किंवा रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा, तर वेळापत्रकाची वाट कोण पाहणार?

थोरले बंधू गेल्यापासून त्यांचा एकुलता एक मुलगा माझ्या देखरेखीखाली आहे. सोयाबीनचे पैसे हाती आले, तशी त्याने २०० सी.सी.ची एक रुबाबदार गाडी पसंत केली. मी १०० सी.सी.ची सुचवली. "काका, ती तर दूधवाल्याची गाडी!" तो म्हणाला. वहिनी एवढेच बोलल्या, "भाऊजी, कोणती बी घ्या, पण माझं लेकरू सांजच्याला घरी आलं पाहिजे."

गाडी निवडण्याची खरी कसोटी ती हीच.

आमच्या तरुणपणी राजदूत, येझदी नाहीतर बुलेट. गाड्या दणकट, पण जड. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ साली स्प्लेंडर आली, आणि हलक्या, थोडे पेट्रोल पिणाऱ्या गाड्या खेड्यापाड्यांत रुजल्या. अशा गाडीचे वजन ११० किलोच्या आसपास भरते. शिकाऊ मुलाचा तोल जातो तो बहुधा वेग कमी असताना, वळताना, थांबताना. तेव्हा ताकद नव्हे, वजन आड येते.

म्हणून पुतण्याला दुकानात नेऊन मी तीन गोष्टी करायला लावल्या. गाडीवर बसून दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का? इंजिन बंद ठेवून गाडी ढकलत वळवता येते का? चढावर मागे न घसरू देता ती धरून ठेवता येते का? मोठ्या गाडीशी झटताना त्याला घाम फुटला. मी काही बोललो नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या काळ्या रानाची. पावसात चिखल चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये गच्च बसतो, चाक फिरेनासे होते. म्हणून तिथे मोकळी जागा असलेली गाडी बरी. जाड, गुळगुळीत टायरची ऐट चिखलात कामाची नाही.

अखेर १०० सी.सी.चीच गाडी घरी आली. उरलेल्या पैशांतून आय.एस.आय. शिक्क्याचे हेल्मेट आधी घेतले. शिकाऊ परवाना ६ महिने चालतो. पक्क्या परवान्याची परीक्षा किमान ३० दिवसांनंतर देता येते. तोवर गाडीला लाल 'एल' लावायचा आणि मागे शिकवणाऱ्या परवानाधारकाशिवाय कोणाला बसवायचे नाही. मित्रांना हे सांगताना तो ओशाळला, पण पाळले.

पहिले पंधरा दिवस सराव कापणी झालेल्या मोकळ्या रानात. डांबरी रस्त्यावर गाडी थांबवण्याचे मोठे काम पुढचा ब्रेक करतो. पण मुरुमावर, वाळूवर तोच करकचून दाबला तर पुढचे चाक घसरते. दोन्ही ब्रेक मिळून, हळूहळू दाबायची सवय हाताला लागली, मगच तो सहस्रकुंडच्या रस्त्याला लागला.

शेतकरी बंधूंनो, बैल घेताना आपण दात पाहतो, चाल पाहतो, गरीब आहे की मारका ते विचारतो. नवख्या पोराच्या हाती मारका बैल कोणी देत नाही. मोटारसायकलीलाही तोच नियम लावा. जुनी घेत असाल तर आर.सी. बुकातला चॅसी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहा, विमा चालू आहे का ते बघा आणि नाव लगेच बदलून घ्या. मोठी गाडी घ्यायला पुढे सारे आयुष्य पडले आहे. हात बसल्यावर ती खुशाल घ्यावी.