शेजाऱ्याचा पाय बघू नये



पन्नास वर्षे नारदाच्या गादीवर उभा राहून मी आपणांस ‘अहंकार सोडा’ म्हणून सांगत आलो. तो अहंकार माझ्याच घरात किती मुरला आहे, हे मात्र मला कीर्तनात कळले नाही. ते कळले व्यायामशाळेत. हसू नका, तीच गोष्ट आज आपल्या पायी ठेवतो.

दोन वर्षांपूर्वी आषाढीला दिवे घाट कसाबसा चढलो. सासवडनंतर गुडघ्यांनी जबाब दिला. पुढची वाट दिंडीच्या ट्रकमध्ये, सामानाला टेकून केली. डॉक्टर म्हणाले, “बुवा, गुडघ्याचा भार मांडीचे स्नायू पेलतात. वयाबरोबर ते झिजतात. नुसत्या गोळ्यांनी भरून येत नाहीत, त्यांना काम द्यावे लागते.” नातवाने ते मनावर घेतले आणि मला आपल्या जिममध्ये नेले.

भिंतींना आरसे, कर्कश गाणी, जिकडेतिकडे लोखंड. बंडी, पायजमा आणि गळ्यात तुळशीची माळ असा मी एकटाच. तिथल्या सरांनी हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठायला सांगितले. सातव्यालाच धाप लागली. मग हातांत दोन-दोन किलोची डंबेल्स दिली. शेजारचा पोरगा वीस-वीस किलो उचलत होता. मनात हिशेब सुरू झाला : त्याचे वीस, माझे दोन.

तिसऱ्या दिवशी ‘पाय दुखतो’ म्हणून घरीच राहिलो. नातवाने मीठ टाकून गरम पाणी आणले, पाय शेकले. माउली, पाय दुखत नव्हता. दुखत होते ते मन. त्या लेकराशी मी खोटे बोललो.

चौथ्या दिवशी लाजेने पुन्हा गेलो. माझ्यासारखाच नवखा एक किडकिडीत मुलगा कोपऱ्यात होता. त्याला म्हटले, “बाळा, सगळे आपल्याकडे बघून हसत असतील.” तो म्हणाला, “आजोबा, इथं कुणी कुणाकडं बघत नाही. ज्याला त्याला आरशात आपलंच तोंड.”

त्या रात्री झोप लागली नाही. मला वाटत होते, लोक बघतात म्हणून मी लाजतो. खरे दुःख वेगळेच होते. पन्नास वर्षे शेकडो डोळे माझ्याकडे लागलेले, आणि इथे कुणाचेच लक्ष नव्हते! मग मागचेही आठवले. सप्ताहात दुसऱ्या बुवांच्या कीर्तनाला गर्दी जास्त झाली, की मी मांडवातली माणसे मोजत असे. मोठेपणा मिरवणे हा जसा अहंकार, तसे ‘मी सर्वांत कमी’ म्हणून कुढणे हाही अहंकारच. पारडे वर जावो की खाली, तराजूच्या काट्यावर बसलेला असतो ‘मी’च.

पावली शिकतानाचा एक दृष्टान्त देतो. नवा टाळकरी शेजाऱ्याचा पाय बघून आपला पाय टाकतो. तो पाय दिसेपर्यंत मात्रा निघून गेलेली असते, म्हणून तो कायम मागे राहतो. आमचे गुरुजी म्हणत, “पाय बघू नकोस, मृदंग ऐक.” मृदंग सर्वांसाठी एकच वाजतो, पण पाय ज्याचा त्याने उचलायचा. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात परक्याच्या उत्तम धर्मापेक्षा आपला उणा धर्म बरा म्हटले आहे. त्यावर मी कितीदा निरूपण केले असेल, पण अर्थ अंगात उतरला तो दोन किलोच्या डंबेलाने.

आपल्यापैकी कुणी उतारवयात व्यायामाला लागणार असाल, तर अनुभवाचे सांगतो. आधी डॉक्टरांना विचारा. वजन हलके घ्या, सावकाश वाढवा. मध्ये विश्रांतीचा दिवस ठेवा. सहाव्या अध्यायात आहारविहार बेताचा सांगितला आहे, तो इथेही लागू. न समजल्यास विचारायला लाजू नका. आणि एक वही ठेवा. तीत फक्त आपला आकडा लिहा, शेजाऱ्याचा नको.

दिंडीत पहिल्या वारीचा आणि चाळिसाव्या वारीचा वारकरी एकमेकांच्या पायी लागतात. दोघेही माउलीच. तिथे किती वाऱ्या झाल्या, हे विचारून कुणी नमस्कार करत नाही.

सात महिने झाले. खुर्चीवरून पंधरा वेळा उठतो, डंबेल तीन किलोचे झाले. तराजू अजून अधूनमधून मनात डोकावतो. तेव्हा नाम घेतो आणि आपल्या पायांकडे बघतो. नातवाला त्या दिवसाचे खरे सांगून टाकले. तो म्हणाला, “मला तेव्हाच कळलं होतं, आजोबा.”

यंदा वाखरीपर्यंत ट्रकनेच जाणार आहे. तिथून पंढरपूर मात्र पायी. एवढीच वाट, पण ती माझी. तिथे भेटलात तर आपल्या पायी लागेन.

राम कृष्ण हरी.