खाडीतले दोन दिवस : बाणकोट ते दासगाव

सुटी म्हटली की आपल्या घरांतून ठरलेली ठिकाणे असतात. चैत्यभूमी, दीक्षाभूमी, नाहीतर मामाचे गाव. त्यात वावगे काही नाही. पण यंदा बुद्ध पौर्णिमेला लागून शनिवार-रविवार मिळाला, तेव्हा आम्ही थोडी वेगळी वाट धरली. आमची आई, थोरले बंधू व वहिनी, त्यांचा मुलगा, आम्ही दोघे आणि आमची तीन मुले अशा नऊ जणांनी सावित्रीच्या खाडीतून होडीने प्रवास केला. बाणकोटला चढलो, एक रात्र पाण्यावर नांगर टाकून काढली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दासगावला उतरलो.

ही कल्पना आईची. तिचे माहेर याच खाडीच्या दक्षिण काठावर, मंडणगड तालुक्यात. त्याच तालुक्यात बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आहे, हे वाचकांना ठाऊकच आहे. आईचे वडील डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेला गेले होते. तेव्हा ते जेमतेम पंधरा वर्षांचे. पलीकडच्या काठावर जायचे तर होडी हवी. होडीवाल्याने सांगितले, "तुम्हांला घेतले तर दुसरी माणसे बसणार नाहीत." मग आमचे आजोबा आणि वाडीतली चार माणसे काठाकाठाने वर चालत गेली. ओहोटीची वाट पाहून, पायउतार गाठून, कमरेएवढ्या चिखलापाण्यातून त्यांनी नदी ओलांडली. ही गोष्ट आईने आम्हांला शंभर वेळा सांगितली असेल. या वेळी मात्र ती म्हणाली, "आबा चिखलातनं गेले. मला एकदा पाण्यावरनं जायचंय."

भरतीचे गणित

सावित्री महाबळेश्वरी उगम पावते. पोलादपूर, महाड, दासगाव करीत ती बाणकोट आणि हरिहरेश्वर यांच्यामध्ये समुद्राला मिळते. दासगावच्याही वरपर्यंत खाडीला भरती-ओहोटी असते. म्हणून येथे घड्याळापेक्षा चंद्र पाहून निघावे लागते. सुमारे सहा तास पाणी चढते, सुमारे सहा तास उतरते आणि भरतीची वेळ दररोज पाऊण-एक तासाने पुढे जाते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते. तेव्हा भर दुपारच्या सुमारास खाडी तुडुंब भरते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तिला जोर नसतो. हे सारे आम्हांला आमच्या तांडेलाने शिकवले. ते बाणकोटकडचे मुसलमान गृहस्थ, वय साठीच्या पुढे. मुले त्यांना चाचा म्हणू लागली, मग आम्हीही म्हणू लागलो.

होडी मासेमारीची. इंजिन होते, शिवाय डोलकाठी आणि एक लहान शीड. सकाळी भरती लागल्यावर निघालो. मागे बाणकोटचा किल्ला, समोर वेसवी आणि बागमांडला यांच्यामध्ये गाड्या घेऊन जाणारी फेरीबोट. होडीत पाय ठेवताच चाचांनी प्रत्येकाला लाईफ जॅकेट दिले आणि विचारले, "पोहता कोणाला येतं?"

नऊ माणसांतून एकही हात वर झाला नाही.

चाचा हसले नाहीत. त्यांनी फक्त जॅकेटचे पट्टे एकेकाचे स्वतः ओढून पाहिले. आम्हांला मात्र ती शांतता लागली. खाडीकाठची आपली माणसे, पिढ्यान् पिढ्या पाणी डोळ्यांसमोर, आणि पोहता कोणालाच येत नाही! आमच्या मुलीने विचारलेच, "आजी, तू तर नदीवर वाढलीस ना?" आई म्हणाली, "बाळा, काठावर वाढले. पाण्यात उतरायची आमची जागा खालची, गाळाची. तिथं गुरं धुवायची. पोहायचं कोण शिकवणार?"

शीड आणि पाण्याचा ग्लास

दुपार होता होता समुद्रावरून वारा सुटला. चाचांनी इंजिन बंद केले आणि शीड उभारले. त्या क्षणाचे वर्णन करणे कठीण. इतका वेळ कानाला लागलेली भडभड थांबली आणि पाण्याचा लपलप आवाज तेवढा राहिला. दोन्ही काठांना कांदळवन, त्यातून बगळे उठत होते. कधी एखादे गाव, मशिदीचा मनोरा, माडांची रांग. मुलांना आळीपाळीने सुकाणू धरायला मिळाले. थोरल्या बंधूंनीही धरले आणि होडी एकदा सरळ तिवरांच्या दिशेने नेली. त्यावरून वहिनींनी त्यांना दोन दिवस सोडले नाही.

उन्हाने सर्वांना तहान लागली. चाचांनी आपल्या कळशीतून ग्लास भरला आणि सर्वांत आधी आईसमोर धरला. आईने तो हातात घेतला, पण लगेच तोंडाला लावला नाही. क्षणभर ग्लासाकडे पाहत राहिली. मग सावकाश सगळे पाणी प्याली आणि म्हणाली, "गोड आहे." चाचांना वाटले, ती विहिरीचे कौतुक करते आहे. ते त्या विहिरीची हकीकत सांगू लागले. आम्ही कोणी काही बोललो नाही.

नांगर टाकला

आंबेत-म्हाप्रळच्या पुढे, एका वळणाच्या आत, चाचांनी नांगर टाकला. नांगर नुसता खाली सोडून भागत नाही. तो तळाच्या चिखलात रुतावा म्हणून पाण्याच्या खोलीच्या कितीतरी पट दोर सोडावा लागतो. मग होडी दोराला ताण देऊन थांबते आणि ओहोटी लागली की त्याच दोराभोवती तोंड फिरवून उभी राहते. आमच्या पुतण्याने हे वहीत चित्र काढून टिपून ठेवले.

संध्याकाळी पाणी उतरले आणि आमची होडी एका बाजूने चिखलावर टेकली. जरा कलंडली, तशा वहिनी घाबरल्या. चाचा म्हणाले, "बसू द्या तिला. पाणी गेलं तसं येणार." खरोखरच दुसरे काही करण्यासारखे नव्हते! रेती भरलेल्या पत्र्याच्या डब्यावर चूल पेटली. घरून आणलेल्या तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि चाचांचे कालवण असे तिरपे बसून जेवलो. त्याआधी सर्वांनी मिळून त्रिशरण-पंचशील घेतले. चाचा डोक्यावर टोपी घालून शांत बसून राहिले. थोड्या वेळाने पूर्वेच्या डोंगरामागून चंद्र वर आला. रात्री केव्हातरी भरती आली आणि होडी आपोआप सरळ झाली. आई तेवढी जागी होती. सकाळी म्हणाली, "कुणी तरी उचलल्यासारखं वाटलं."

दासगावचा धक्का

रविवारी सकाळी भरती धरून पुन्हा निघालो. वाटेत बंधूंनी मुलांना इतिहास सांगितला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी तळे 'शुद्ध' करून घेतले आणि कोर्टात दावा लावला. डिसेंबरमध्ये सत्याग्रहासाठी बाबासाहेब सहकाऱ्यांसह मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले, रात्री हरिहरेश्वरला थांबले आणि २५ डिसेंबरला सकाळी दुसऱ्या बोटीने याच खाडीतून दुपारी दासगावला पोचले. तेथे जमलेल्या हजारोंसह सुमारे पाच मैल चालत ते महाडला गेले. परिषदेच्या मंडपाला जागा मिळत नव्हती, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा दावा मात्र पुढे १९३७ साली मुंबई हायकोर्टात जिंकला गेला.

चाचा सुकाणूवरून सारे ऐकत होते. म्हणाले, "सकाळी सुटून दुपारी पोचले ना? मग आपल्यासारखेच भरतीवर आले असणार. ओहोटीला एवढं वर येता येत नाही."

हे आम्ही कोणत्याही पुस्तकात वाचले नव्हते. मुले एकदम पाण्याकडे पाहू लागली.

वरच्या अंगाला मगरी असल्यामुळे चाचांनी हातसुद्धा पाण्यात घालू दिला नाही. दासगावला उतरल्यावर आईने हट्टाने पायऱ्यांवरच्या पाण्यात पाऊल बुडवले, तेही चाचांचा हात धरून. मग ती वर आली, वळली आणि पलीकडच्या काठाकडे बराच वेळ पाहत राहिली. तिकडूनच आजोबा चिखल तुडवीत आले असतील. तेथून महाडपर्यंत चालायचे तिचे मन होते, पण गुडघ्यांनी साथ दिली नाही. रिक्षा केली. संध्याकाळी चवदार तळ्याच्या काठावर बाबासाहेबांना वंदन केले आणि परतीची गाडी धरली. वेळ असणाऱ्यांनी जवळची गांधारपाल्याची बौद्ध लेणीही अवश्य पाहावीत. तेथून सावित्रीचे पात्र दिसते.

वाचक बंधू-भगिनींनो, हा प्रवास आपल्या कोणत्याही कुटुंबाला करता येईल. दोन-तीन घरांनी मिळून होडी ठरवली तर खर्च पेलतो. पावसाळा टाळावा, पौर्णिमेच्या आसपासचे दिवस धरावेत, जाणत्या तांडेलाशिवाय आणि लाईफ जॅकेटशिवाय पाऊल टाकू नये. दासगावहून परतताना कोकण रेल्वेचे वीर स्थानक जवळ पडते.

आणि आणखी एक विनंती. ज्या पाण्यासाठी आपल्या पूर्वजांनी डोकी फोडून घेतली, त्या पाण्याची भीती आपल्या मुलांना वाटू नये. घरी आल्यावर त्याच आठवड्यात आम्ही चारही मुलांची नावे पोहण्याच्या वर्गात घातली. पहिल्या दिवशी आई मुद्दाम तलावावर आली, बाकावर बसली. धाकटी पाण्यात उतरायला रडू लागली, तेव्हा आई तिला एवढेच म्हणाली, "उतर बाई. आता कोण अडवत नाही."

जय भीम!