पत्त्याचा रकाना

"साहेब, परमनंट ॲड्रेस?"

क्लार्क पेन उघडून बसला होता. नाव, नंबर, हुद्दा, बायकोचं नाव, मुलांच्या जन्मतारखा सगळं मी घडाघडा सांगितलं होतं. इथं मात्र अडलो. "उद्या सांगतो," म्हणालो. तो हसला. "पेन्शनचे कागद वेळेत गेले पाहिजेत साहेब. आठ दिवस देतो."

आजवर या रकान्यात एकच उत्तर लिहिलं: मुक्काम पोस्ट आमचं गाव, तालुका माण, जिल्हा सातारा. 1998 साली बेळगावला भरती झालो तेव्हा वडिलांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, तेच पुढं अठ्ठावीस वर्षं उतरवत आलो. आणि प्रत्यक्षात राहायचं कुठं, ते मूव्ह ऑर्डर सांगायची. काळी ट्रंक, होल्डऑल, रेल्वेचं वॉरंट, की निघाले. कुपवाडा, नागालँड, राजस्थानात लालगढ जट्टां. यातलं एकही गाव मी निवडलं नव्हतं, त्यामुळं आवडलं की नाही हा प्रश्नही कधी पडला नाही. घरी पत्र यायचं ते '56 एपीओ'वर. आता पंचेचाळिशी ओलांडल्यावर कुणी तरी विचारतंय, बाबा, तुला कुठं राहायचंय?

शेवटची पोस्टिंग देहरादूनची मिळाली. इंडियन मिलिटरी अकॅडमीत ड्रिल उस्ताद. ज्या पोरांना मी सकाळी पाय आपटायला शिकवतो, ती जून नाहीतर डिसेंबरात 'अंतिम पग' ओलांडतात आणि लगेच मलाच त्यांना सॅल्यूट ठोकावा लागतो. त्यावर एकदा वेगळं लिहीन. आज क्वार्टरबद्दल. व्हरांड्यातून उत्तरेला पाहिलं की मसुरीचा डोंगर. रात्री त्यावर दिवे लागतात ते आकाशातले की जमिनीवरचे, कळत नाही. हिवाळ्यात सूर्य बुडाल्यावर क्षितिजावर एक केशरी रेघ थांबून राहते, तिला इथं विंटरलाइन म्हणतात. माण तालुक्यातल्या माणसाला, ज्यानं लहानपणी टँकरमागं कळशी घेऊन पळापळ केली, त्याला असा हिरवागार शेजार म्हणजे चैनच. प्रेमनगरच्या बाजूला अजून चहाचे मळे आहेत. लिचीच्या बागा मात्र झपाट्यानं तुटताहेत. जिथं बाग तुटते तिथं पाटी लागते, 'प्लॉट उपलब्ध, फौजी भाइयों को विशेष छूट'.

मीही दोन प्लॉट पाहून आलो. इकडे जमीन गजात मोजतात. आपला एक गुंठा म्हणजे 121 गज, हे गणित मला पाठ झालंय. शंभर गजाचा भाव ऐकला आणि मनातल्या मनात पेन्शनची विक्री केली. आपल्याला निम्मी पेन्शन विकता येते. रक्कम हातात एकदम येते आणि पुढं पंधरा वर्षं दर महिन्याला कापून जाते. म्हणजे एक चूक केली की ती पंधरा वर्षं फेडायची.

मग राजकारण. फौजेत असताना आपण त्या वाटेला जात नाही, जायचं नसतंच. मत द्यायचं, तेही लिफाफ्यातून. एका वर्षी माझी मतपत्रिका बर्फात अडकली आणि निकाल लागल्यावर पिकेटवर पोचली. ती मी बरेच दिवस खिशात ठेवली होती, का ते माहीत नाही. पण सिव्हिलमध्ये राहायचं तर तिथलं राजकारण अंगावर येणार. उत्तराखंड 2000 साली वेगळं झालं ते पहाडी माणसाच्या जमिनीसाठी, रोजगारासाठी. बाहेरून येऊन जमिनी घेणाऱ्यांवर तिथल्या लोकांचा राग आहे. शहराच्या हद्दीबाहेर बाहेरच्या माणसाला घरासाठी 250 चौरस मीटरच जागा घेता येते, म्हणजे जेमतेम अडीच गुंठे. 2025 मध्ये कायदा आणखी कडक झाला. तेरापैकी अकरा जिल्ह्यांत बाहेरच्यांना शेतजमीन बंद.

माझ्या बरोबरचा गढवाली सुभेदार, अतिशय सज्जन माणूस, एकदा चहा पिताना म्हणाला, "उस्ताद, आप रहो तो हमें खुशी है. पर आपके जैसे हजार आ गए तो हम कहाँ जाएँ?" मला राग आला नाही. आमच्या माळरानावर उद्या कुणी परराज्यातून येऊन शंभर एकर घेतली, तर मी काय वेगळं बोलेन?

आणि त्या सुंदर डोंगराचीही दुसरी बाजू 2025 च्या सप्टेंबरात पाहिली. एका रात्रीत सहस्रधारेकडं पाऊस कोसळला. टपकेश्वरच्या देवळाच्या आवारात तमसा नदी घुसली आणि आमच्या प्रेमनगरजवळचा पूल तुटला. दुसऱ्या दिवशी मी पाहिलेल्या दोनपैकी एका प्लॉटकडं गेलो. प्लॉट जागेवर होता, पण त्याच्या कडेनं जो 'छोटा नाला' एजंटनं दाखवला होता, तो आता चांगला तीस पावलं रुंद होता. एजंटचा फोन लागला नाही.

कामाचं म्हणाल तर देहरादूनचं पारडं जड होतं. इथं बोर्डिंग शाळा भरपूर. त्यातल्या एकीनं विचारणा केली होती, ड्रिल आणि पीटीसाठी. पगार बरा, दुपारचं जेवण शाळेत, मुलाच्या फीमध्ये सवलत. सिक्युरिटी सुपरवायझर होऊन सोसायटीच्या गेटवर वहीत गाड्यांचे नंबर लिहिण्यापेक्षा कितीतरी मानाचं काम. (त्या कामाला कमी लेखत नाही. आमच्या बॅचचे चार जण तेच करतात आणि त्यावर पोरं शिकवतात.)

दुसरं नाव डोक्यात होतं बेळगावचं. मराठा लाइट इन्फंट्रीच्या माणसाला बेळगाव म्हणजे माहेर. एकोणिसाव्या वर्षी तिथं केस कापले, तिथंच कसम खाल्ली. पहिल्या पगारातून अर्धा किलो कुंदा घेतला आणि बसस्टँडवर बसून एकट्यानं संपवला. पावसाळ्यात ते शहर इतकं भिजतं की भिंतीही हिरव्या होतात. सेंटर तिथं, कँटीन तिथं, ईसीएचएसचं पॉलिक्लिनिक तिथं. टिळकवाडीत, शहापुरात दुकानदार आपल्याशी मराठीत बोलतो. माझ्या मनात ते पक्कं होत आलं होतं.

पण तिथलं राजकारण आपल्या ओळखीचं आहे, म्हणूनच ते जास्त दुखतं. 1956 ची राज्य पुनर्रचना, मग महाजन आयोग, 2004 पासून सुप्रीम कोर्टात दावा. महाराष्ट्र 865 गावं मागतो. कर्नाटकानं तिथं 2012 मध्ये सुवर्ण विधानसौध उभी केली, दर हिवाळ्यात अधिवेशन भरवतात. 1 नोव्हेंबरला निम्मं शहर राज्योत्सव करतं आणि निम्मं काळा दिवस पाळतं. 2014 च्या त्याच तारखेला शहराचं नावही बेळगावी झालं. डिसेंबर 2022 मध्ये महामार्गावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले तेव्हा मी छुट्टीवर होतो, एमएच 11 ची गाडी घेऊन कोल्हापुरापर्यंत गेलो आणि तिथूनच परत फिरलो. ज्या सेंटरला मी आईबाप मानलं, तिथं जायला माझ्या गाडीची नंबरप्लेट आडवी आली.

माझा बडी हुक्केरीचा, घरी कन्नड बोलणारा. कुपवाड्यात एका बंकरमध्ये दोन हिवाळे काढले आम्ही. 'छत्रपती शिवाजी महाराज की जय' त्याच्याइतकं खणखणीत ओरडणारा पलटणीत दुसरा नव्हता. त्याला फोन केला. म्हणाला, "ये की रे. माझ्या घराजवळ प्लॉट बघतो. पण खरं सांगू? तू इथं आलास की दोन्हीकडचे लोक तुला विचारणार, तू कुणाचा. मी मित्र म्हणून काय सांगणार त्यांना?" मग जरा थांबून, "पोराला कन्नड शिकावं लागेल हां." ते शिकेलही. मी स्वतः नागालँडमध्ये नागामीज शिकलो, भाषेचं भय नाही. पण नोकरीचं काय? सरकारी बँकांत क्लार्कच्या साडेचौदा टक्के जागा माजी सैनिकांना राखीव असतात. मला वाटत होतं, परीक्षा द्यावी. मात्र त्या राज्याची भाषा लिहिता-वाचता यावी लागते. या वयात कन्नड अक्षरं गिरवून परीक्षेला बसणं माझ्याच्यानं होणार नाही, हे आता कबूल करतो.

राहिलं गाव. आई गावात आहे, एकटी, दोन म्हशी आणि गुडघेदुखी घेऊन. दहिवडीच्या एका दोस्ताची भरती अकॅडमी आहे. तो म्हणतो, "तू फक्त ये, आयएमएचा उस्ताद म्हणून तुझा फोटो बोर्डावर लावतो. दीडशे पोरं आहेत." ते ऐकून आधी बरं वाटलं, मग नाही वाटलं. 2022 पासून ही पोरं चार वर्षांसाठी भरती होतात, शंभरातली पंचवीस पुढं राहतात. त्यांच्या बापांनी म्हैस विकून भरलेली फी माझा पगार होणार. दोस्त म्हणतो, "तू नाही शिकवलंस तरी ती भरतीला जाणारच, मग नीट शिकून जाऊ दे." त्याचं चुकतं असं नाही. त्याला फक्त एवढं म्हणालो, फोटो नको.

आणि गावचं राजकारण? ते देहरादून, बेळगावपेक्षा अवघड, कारण तिथं मी बाहेरचा नाही. गेल्या दिवाळीच्या छुट्टीत दोन्ही पॅनेलची माणसं येऊन गेली. शाल, नारळ, फेटा. "रिटायर झाला की तुमच्यासारखा शिस्तीचा माणूस ग्रामपंचायतीत पाहिजे." एका पॅनेलमध्ये चुलते, दुसऱ्यात मामेभाऊ. एकाच्या ओट्यावर चहा घेतला की दुसरा महिनाभर बोलत नाही. सीमेवर समोरचा कोण हे तरी ठरलेलं असतं.

हे सगळं मी एका रात्री वहीत मांडलं, तीन रकाने पाडून, आणि बायकोला दाखवलं. निसर्ग, राजकारण, काम, खर्च. तिनं वाचलं. म्हणाली, "यात मी कुठं आहे?"

मी गप्प.

"बावीस वर्षं लग्नाला झाली. त्यात एका घरात आपण किती दिवस राहिलो, मोजलंय तुम्ही? मी मोजलंय. सहा वर्षं चार महिने. त्यातली पावणेतीन इथली."

मला वाटत होतं तिला देहरादून आवडतं ते डोंगरामुळं. रोज संध्याकाळी ती व्हरांड्यात उभी राहते. "डोंगराचं काय हो," ती म्हणाली, "डोंगर आपल्या साताऱ्यालाही आहेत. इथं मी स्कूटर चालवते. पोरीला क्लासला सोडते, भाजी आणते, बँकेत जाते. कुणी विचारत नाही, कुठं निघालीस. गावात बारा वर्षं होते. एसटीत बसले तरी घरी निरोप आधी पोचायचा. तुम्ही म्हणाल तिथं येते. पण पुन्हा तसं राहायला येणार नाही."

एवढं बोलून ती भात बघायला उठली. बावीस वर्षांत तिनं कशाला 'नाही' म्हटल्याचं मला आठवत नाही. किंवा म्हटलं असेल, मी तेव्हा रेंजमध्ये नसेन.

दुसऱ्या दिवशी आईला फोन लावला. फिरवून फिरवून विचारलं, सातारा शहरात घर घेतलं तर तू येशील का. "म्या कशाला यिऊ? म्हसरं कोन बघंल?" मग म्हणाली, "साताऱ्यात ऱ्हा. सकाळच्या गाडीनं ये, सांजच्याला जा. हितं ऱ्हायलास तर ही मानसं तुला उभं करतील आन् पाडतील." आईनं पंचायतीच्या निवडणुका माझ्यापेक्षा जास्त पाहिल्यात.

मुलीचाही विचार होता. ती पुढल्या वर्षी बारावी होईल. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला माजी सैनिकांच्या मुलांसाठी राखीव जागा असतात, तिथं माझं डोमिसाईल कामाला येईल. सरळसेवेत माझ्यासाठीही काही निघालं तर फॉर्म भरता येईल. अकॅडमी साताऱ्याहून आठवड्यातून तीन दिवस. पगार देहरादूनच्या शाळेच्या निम्मा. सकाळी दारातून अजिंक्यतारा दिसेल, मसुरीचे दिवे दिसणार नाहीत. प्लॉट घ्यायचा नाही, पेन्शन अजून विकायची नाही. आधी वर्षभर भाड्यानं राहून बघायचं, असं ठरलं. शाळेला नकार कळवला तेव्हा मात्र दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. परेड ग्राउंडवर दोन वेळा चुकीचा हुकूम दिला आणि कॅडेट तसेच वळले.

आठव्या दिवशी क्लार्कसमोर बसलो. परमनंट ॲड्रेसमध्ये गावच लिहिलं, ते बदलायला हात झाला नाही. निवृत्तीनंतरचा पत्ता, सातारा. ईसीएचएसचं पॉलिक्लिनिक, सातारा.

"पिनकोड, साहेब?"

आला नाही. गावाचा पाठ होता, युनिटचा पाठ होता. बायकोला फोन लावला.

"चार एक पाच, शून्य शून्य एक," ती लगेच म्हणाली. "आणि तिथंच बसलाय तर विचारून घ्या, सामानाच्या ट्रकमधून स्कूटर नेता येते का. यूके 07 चं एमएच 11 करायला काय काय कागद लागतात तेही."

क्लार्कनं दुसरा फॉर्म काढला.