धक्का जिरला पाहिजे

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत चालविणाऱ्या एका कुटुंबात गेल्या उन्हाळ्यात एका सायकलीवरून मोठाच पेच उभा राहिला. दहावीची परीक्षा दिलेला नातू मित्रांबरोबर दंडोबाच्या डोंगरावर गेला होता. पायवाटेने उतरताना त्याची सायकल एका दगडावरून उसळली, पुढचे चाक भलत्याच दिशेने पडले आणि मुलाच्या मनगटाला प्लॅस्टर घालावे लागले. हाड यथाकाल जुळले, परंतु आईने निक्षून सांगितले, “आता डोंगर नाही आणि सायकलही नाही.” मुलाने वाद घातला नाही, तो बोलेनासाच झाला. वडील दुकानात गुंतलेले. अखेर निवाडा आजोबांकडे, म्हणजे आप्पांकडे आला.

आप्पांना स्वतःलाच एक टोचणी होती. ती सायकल दोन वर्षांपूर्वी त्यांनीच पसंत केली होती. पुढे स्प्रिंग, मागे स्प्रिंग, जाड टायर, झगझगीत रंग आणि किंमत बेताची. एवढ्या पैशांत एवढे मिळते आहे, या हिशेबाने ती घरी आली. हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याखेरीज भाव न बोलणाऱ्या आप्पांनी सायकल मात्र वरच्या रंगावर घेतली होती.

ते नातवाला घेऊन गावातील एका सायकल दुरुस्त करणाऱ्या तरुणाकडे गेले. त्याने पुढचा चिमटा, ज्याला हल्ली सारे फोर्क म्हणतात, दोन्ही हातांनी दाबला आणि सोडला. तो दाबला गेला तितक्याच जोराने ताडकन वर आला. “आप्पा, दोष इथे आहे,” तो म्हणाला. “यात नुसती स्प्रिंग आहे. ती धक्का घेते, पण जिरवत नाही. जेवढा घेतला तेवढा लगेच परत करते. उतारावर दगड लागला की पुढची बाजू हातांवर उसळते.”

मग त्याने दुसरा, चांगल्या प्रतीचा फोर्क दाबून दाखविला. तो खाली गेला आणि संथपणे वर आला. त्याच्या एका नळीत तेल असते. दाब पडला की ते बारीक छिद्रांतून वाट काढते, त्या घर्षणात धक्क्याची शक्ती उष्णता होऊन निघून जाते. याला डॅम्पिंग म्हणतात. नळीच्या तळाशी असलेल्या छोट्या चकतीने परत येण्याचा वेग, म्हणजे रिबाउंड, कमीअधिक करता येतो. आप्पांनी आपल्या भाषेत सार काढले : “म्हणजे स्प्रिंग एकरकमी वसुली करते. तेलाची नळी बरीचशी रक्कम माफ करते आणि उरलेली सवडीने घेते.” तरुण हसला, नातूही बऱ्याच दिवसांनी हसला.

नातवाच्या मनात मात्र दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली फुल सस्पेन्शन सायकलच भरली होती. चित्रफितींतले सारे स्वार तीच चालवतात, असे त्याचे म्हणणे. तरुणाने तीन प्रश्न विचारले : चालवणार कोणत्या वाटेवर? स्वाराचे वजन किती? आणि देखभाल कोण करणार? वस्तूचे नाव न विचारता गरज विचारणारा विक्रेता आप्पांना फार दिवसांनी भेटला होता.

सस्पेन्शनच्या दृष्टीने डोंगरी सायकलींचे प्रकार तीन. जिला कोठेच सस्पेन्शन नाही ती रिजिड. फक्त पुढे असलेली हार्डटेल. आणि पुढे-मागे दोन्हीकडे असलेली फुल सस्पेन्शन. फोर्क जास्तीत जास्त जितका दबतो, त्या अंतराला ट्रॅव्हल म्हणतात. साध्या पायवाटा आणि चढ-उतार यांसाठी १०० ते १२० मिलिमीटर पुरतात. अधिक खडकाळ वाटांसाठी १३० ते १५०. आणि केवळ उतारांच्या शर्यतींत सुमारे २०० मिलिमीटरपर्यंत जातात. अंतर जास्त म्हणजे सायकल चांगली, असे मुळीच नाही. त्याबरोबर वजन वाढते आणि चढावर स्वाराचे श्रम हिंदकळण्यात खर्ची पडतात. आपल्या फ्रेमसाठी ठरविलेल्यापेक्षा लांब फोर्क मागाहून बसविणेही चुकीचे; त्याने सायकलचा तोल बदलतो.

आप्पांनी खर्चाची मर्यादा साठ हजारांची ठेवली होती. त्या रकमेत दोन सस्पेन्शन घेतली, तर दोन्ही हलक्या प्रतीची मिळणार. एकच घेतले, तर ते चांगले मिळून वर ब्रेकही उत्तम मिळणार. शिवाय मागच्या सस्पेन्शनला सांधे आणि बेअरिंगे असतात. ती झिजतात, बदलावी लागतात. चांगल्या फोर्कलाही साधारण ५० तासांच्या वापरानंतर खालच्या नळ्या उघडून, स्वच्छ करून तेल बदलणे लागतेच. खरेदीची किंमत एकदाच द्यावी लागते, सांभाळण्याची किंमत वर्षानुवर्षे.

नातवाची खंत दूर करायला तरुणाने या खेळाचा जन्म सांगितला. १९७६ साली कॅलिफोर्नियातील टॅमलपायस डोंगराजवळच्या उतारावर काही तरुणांनी जुन्या जाड टायरांच्या सायकलींची शर्यत सुरू केली. उताराला ‘रीपॅक’ हे नाव पडले, कारण एकेका फेरीत मागच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. त्या सायकलींना सस्पेन्शन नव्हतेच. रॉकशॉक्सचा पहिला फोर्क आला तो १९९०च्या सुमारास. म्हणजे हा खेळ प्रथम हातापायांनी खेळला गेला. आजही पेडलवर उभे राहून वाकविलेले गुडघे आणि कोपरे हेच सर्वांत मोठे सस्पेन्शन. आणि त्याखालोखाल टायरमधली बेताची हवा. हार्डटेल चुकीची वाट निवडली की लगेच सांगते, म्हणून नवशिक्याला ती शिकवते.

उरला प्रश्न स्प्रिंगचा की हवेचा. लोखंडी स्प्रिंग ठरावीक वजनासाठी बनते. वजन फार वेगळे असेल तर ती बदलावीच लागते. जुन्या सायकलची स्प्रिंग भरल्या अंगाच्या माणसाजोगी कडक होती, नातू पन्नास किलोंचा. हवेच्या फोर्कमध्ये खास पंपाने दाब वाढविता-घटविता येतो. वाढत्या वयाच्या मुलासाठी हीच गोष्ट निर्णायक ठरली. पुढच्या वर्षी तो साठ किलोंचा झाला, तर सायकल तीच राहील, हवा तेवढी बदलेल.

शंभर मिलिमीटरच्या हवेच्या फोर्कची हार्डटेल ठरली. तरुणाने नातवाला हेल्मेट, पाठपिशवी यांसह पेडलवर उभे केले आणि फोर्कच्या नळीवरील रबरी कडी किती सरकली ते मोजले. नुसत्या वजनाने फोर्क दबतो त्याला सॅग म्हणतात. तो येथे वीस मिलिमीटर, म्हणजे एकूण अंतराचा पाचवा भाग असावा, इतकी हवा भरली. चढावर फोर्क जखडून ठेवणारी कळ, लॉकआउट, कशी वापरायची आणि उतार लागताच ती आठवणीने कशी सोडायची, हेही शिकविले.

घरी आल्यावर आप्पांनी सुनेला नवी सायकल आधी दाखविली नाही. जुनी दाबून दाखविली, मग नवी. ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आप्पा, म्हणजे सगळी चूक त्याची नव्हती.” “थोडी त्याची होती. वेग त्याचाच होता,” आप्पा म्हणाले. “पण मोठी माझी. मी न पारखता घेतली.” मुलगा दाराआड उभा राहून ऐकत होता, हे दोघांनाही ठाऊक होते.

परवानगी मिळाली ती अटींवर : हेल्मेट आणि हातमोजे नेहमी, पहिला महिना फक्त रुंद वाटा, एकट्याने जाणे नाही. दुसऱ्या महिन्यात तो दंडोबाची तीच वाट उतरला. संध्याकाळी त्याने आप्पांना रबरी कडी दाखविली. ती सत्तर मिलिमीटरवर थांबली होती. अडतीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर त्याने तारीख, हवेचा दाब आणि तो आकडा लिहून ठेवला. आईने ती वही उचलून पाहिली आणि पुढच्या रविवारी डबा किती वाजता हवा, एवढेच विचारले.