तीन महिन्यांचे पीक

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरी दर वर्षी एक लहानसे संकट उभे राहते. खोबरेल तेल थिजलेले असते. आदल्या रात्री आठवणीने वितळवून ठेवले, तरी पहाटेपर्यंत ते पुन्हा पांढरे दगड होऊन बसते. मग वाटी गरम पाण्यात ठेवायची आणि पाटावर कुडकुडत वाट पाहायची.

गेल्या दिवाळीत अशी वाट पाहत असताना मला युगांडातल्या तेलाची आठवण झाली. तेही थिजणारेच, मात्र माडाचे नव्हे, जमिनीखालचे. आमच्या महाविद्यालयाची एक जुनी विद्यार्थिनी सध्या कंपालाला असते. तिचे दिवाळीचे पत्र नुकतेच आले होते, आणि शुभेच्छांच्या चार ओळी संपल्यावर पुढची तीन पाने या तेलाविषयीच होती.

तिथल्या आल्बर्ट सरोवराच्या काठी २००६ साली तेल सापडले. त्यात मेणाचा अंश फार. म्हणून ते समुद्रापर्यंत न्यायचे, तर सारी वाट ऊन ठेवायला हवे. त्यासाठी युगांडातल्या होइमापासून टांझानियातल्या टांगा बंदरापर्यंत १४४३ किलोमीटर लांबीचा नळ टाकायचे ठरले, आणि तेल सतत ५० अंशांवर राखायचे. टोटालएनर्जीज ही फ्रेंच कंपनी, एक चिनी कंपनी आणि त्या दोन्ही देशांच्या सरकारी कंपन्या यांचा हा भागीदारीतला उद्योग. काही तेलविहिरी मर्चिसन धबधब्याच्या अभयारण्यात आहेत. आणि नळाची सुमारे एकतृतीयांश वाट व्हिक्टोरिया सरोवराच्या पाणलोटातून जाते. लाखो माणसे ज्याचे पाणी पितात, ते हे सरोवर. नळ कुठे फुटला तर काय, हा प्रश्न विचारायला तज्ज्ञ असण्याची गरज नाही.

पण माझ्या विद्यार्थिनीने लिहिले होते ते निराळेच. नळाच्या वाटेत ज्यांची जमीन आली, त्यांची मोजणी झाली. आणि मोजणीनंतर एक तारीख ठरली. त्या तारखेनंतर केळी, कॉफी असे वर्षानुवर्षे टिकणारे काही लावायचे नाही. लावले, तर त्याचा मोबदला नाही. लावायचेच असेल, तर तीन महिन्यांत हाती येईल असे पीक लावा! पैसे लवकर मिळतील, असे लोकांना वाटले. पुष्कळांना ते मिळायला तीन-तीन, चार-चार वर्षे लागली. तोवर भाजी लावा आणि वाट पाहा.

हे वाचले आणि पत्र माझ्या हातात तसेच राहिले. कारण हे मी आधी पाहिले होते.

मी महाविद्यालयात शिकत होतो, तेव्हाची गोष्ट. कोकणातल्या आमच्या जमिनीत एका प्रकल्पासाठी मोजणी झाली. बांधावर खुंट्या आल्या. वडिलांनी हापूसची वीस कलमे आणून पडवीच्या सावलीत ठेवली होती. कचेरीतून आलेल्या गृहस्थांनी अगदी सौम्यपणे सांगितले, "काका, आता नवीन काही लावू नका. फुकट जाईल." वडिलांनी कलमे शेजाऱ्यांना देऊन टाकली आणि तिथे वांगी-मिरच्या लावल्या. अशी सात वर्षे गेली. मग एक कागद आला : आखणी बदलली आहे, आपली जमीन लागणार नाही. सगळ्यांनी पेढे वाटले. मी वडिलांना म्हटले, "चला, आता कलमे आणू." ते खुंटीकडे पाहत म्हणाले, "आता कोणाला खायला?"

सरकारी कागदावर आमचे नुकसान शून्य होते. खरेच होते ते. काही घेतलेच नव्हते कोणी.

युगांडात पुढे मोबदला मिळाला. काहींना नवी घरे मिळाली, उशिराबद्दल वाढीव रक्कमही मिळाली. पण तीन महिन्यांच्या पिकावर काढलेल्या वर्षांची किंमत कोणत्या रकान्यात लिहायची? २०२२ च्या सप्टेंबरात युरोपच्या संसदेने या नळाविरुद्ध ठराव केला. एक लाखाहून अधिक लोकांवर विस्थापनाचे सावट आहे, असे त्यात म्हटले होते. त्यावर युगांडाचे राज्यकर्ते संतापले : तुम्ही तेलावर श्रीमंत झालात, आता आम्हांला उपदेश करता? या रागात तथ्य आहे, हे मी नाकारीत नाही. मीही रोज पेट्रोलच्या स्कूटरवरूनच कॉलेजात जातो. मात्र त्याच वर्षी कंपालाच्या रस्त्यावर नळाला विरोध करणारे विद्यार्थी पकडले गेले. ते युरोपचे नव्हते, तिथलेच होते. माझ्या वर्गात बसतात त्याच वयाचे. देशाला तेल हवे असेल. पण ज्याच्या शेतातून ते जायचे, त्याला किती दिवस थांबायचे हे तरी आधी सांगावे, आणि सांगितलेले पाळावे. यात परकीय असे काय आहे?

"अहो, तेल वितळलं!" आतून हाक आली.

आमच्या घरचे खोबरेल गावच्या माडांचे असते. ते माड आजोबांनी लावले. त्यांना फळ धरायला सहा-सात वर्षे लागली असतील. पण आजोबांना तेवढे थांबावेसे वाटले, कारण जमीन आपलीच राहणार याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती.

मी वाटी उचलली. तेल कोमट झाले होते.