मोहने येथील गल्ला आणि टांकसाळीची चूक

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेल्या लोकलने शहाड मागे टाकले की आंबिवली येते. स्थानकापासून जवळच, उल्हास नदीच्या परिसरात मोहने वसले आहे. नॅशनल रेयॉन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एनआरसी कारखान्याच्या पगारावर येथील बाजारपेठ पोसली गेली. २००९ साली कारखाना बंद पडला आणि बाजाराची रया गेली. अशा गावातील जुन्या दुकानांच्या गल्ल्यांत तळाशी राहिलेली चिल्लर मात्र गेलेल्या उलाढालीची साक्ष देते.

मंदीच्या दिवसांत या चिल्लरीकडे आशेने पाहिले जाते. ‘चुकीच्या छापाच्या नाण्याला लाखाचा भाव’ ही वार्ता कानी येते आणि प्रत्येक झिजलेला रुपया दुर्मिळ भासू लागतो. म्हणून पारख हवी.

प्रथम वर्षाखाली पाहावे. हिऱ्याच्या आकाराची खूण मुंबईच्या टांकसाळीची, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा. खूण नसेल तर नाणे कोलकात्याचे. तिचा अभाव ही चूक नव्हे.

खरी चूक टांकसाळीतच, नाणे घडताना होते. पुढची इजा व्यवहारात होते. ठशाला तडा गेला की धातू त्या फटीत शिरतो, म्हणून नाण्यावर उंचावलेली रेषा उमटते. ओरखडा मात्र खोल असतो. बोटाच्या नखालाही हा भेद कळतो.

पत्र्यातून चकती कापताना आधीच्या छिद्रावर घाव पडला, तर नाण्याला चंद्रकोरीसारखी खाच पडते. अशा नाण्यात खाचेच्या नेमकी समोरची कड बहुधा पुसट उठते. कानशीने कापलेल्या नाण्यात ही खूण नसते.

आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले, तर पुढच्या नाण्याच्या एका बाजूस तीच छाप उलटी व खोलगट उमटते. संग्राहक यास ‘लाखी’ म्हणतात. शिकंज्यात दोन नाणी दाबून केलेल्या नकलेत मूळ छापेचे चेपलेले अवशेष खाली दिसतात.

भारतीय नाणे वरच्या व खालच्या कडांना धरून पुस्तकाच्या पानासारखे उलटावे. मागची बाजूही सरळ दिसली पाहिजे. ती स्पष्टपणे तिरपी किंवा उलटी असेल, तर ठसा फिरलेला होता. किंचित फरकाला मात्र मोल नाही.

शेवटी तराजू. १९८३ पासूनचा तांबे-निकेलचा रुपया ६ ग्रॅमचा, १९९२ मध्ये आलेला पोलादी ४.८५ ग्रॅमचा. झिजेने वजन थोडे घटते. मोठा फरक आढळला तर कारण शोधावे.

जुनी नाणी मोठ्या किमतीला घेतो असे सांगून आधी शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहावे, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये दिला आहे; बँक असे व्यवहार करत नाही. पण फसणे टाळले, एवढ्याने व्यापाऱ्याचे कर्तव्य संपत नाही. चेपलेले नाणे टांकसाळीची चूक म्हणून दुसऱ्याच्या हाती देणे, हे मापात खोट ठेवण्यासारखेच आहे. खरी चूक सापडली तर ती जशी आहे तशी सांगून विकावी. इतर नाणी घरातील मुलांसमोर पसरावीत, खुणा ओळखायला लावाव्यात. गिऱ्हाइकाचा विश्वास ज्या नजरेवर टिकतो, ती नजर अशीच घडते.